काळ्या सैनिकांचा हजेरीपट

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा ‘कंत्राटी कामगारांचे प्रश्न’ अशासारखे काहीतरी उत्तर त्यांना अपेक्षित असावे. कामगार चळवळीतल्या माणसाने दुसऱ्या कशावर बोलावे असे कोणास वाटत नाही. आम्ही विषय दिला तो दोन महायुद्धांत खपलेल्या काळ्या सैनिकांच्या स्मारकांचा. हे सैनिक बहुतेक आफ्रिकेतले, काही अमेरिकेतले. ज्या लढायांत ते पडले त्या युरोपातल्या सत्तांनी आरंभलेल्या. पगारपत्रके आणि हजेरीपट चाळण्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले, त्या आम्हांला यात बोलण्यासारखे काय आहे, असा प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे, की हा विषय मुळी हजेरीपटाचाच आहे.

युद्धस्मारक म्हणजे नेमके काय, याचा आधी थोडा विचार करू. कमान, स्तंभ, पुतळा, फुलांची चक्रे हा झाला देखावा. खरा ऐवज म्हणजे नावांची यादी. साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची वहिवाट जगात फार जुनी नाही. आपल्याकडे कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे आहेत. त्यांत महार शिपायांची नावे आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले त्यानंतर त्या नावांनी केवढे काम केले हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. कोरलेले नाव असे शंभर वर्षांनीही कामाला लागते. पण पाथरवटाच्या हाती कोणीतरी आधी यादी द्यावी लागते. ती यादी कवी देत नाही, कारकून देतो. ज्या कारकुनाने पगार वाटला, अंगठा घेतला, नावासमोर ‘हजर’, ‘आजारी’, ‘मयत’ अशा खुणा केल्या, त्याच्या वहीची शेवटची नक्कल म्हणजे स्मारक. आणि वहीत कोणाचे नाव घ्यावयाचे हे माणूस कामावर असतानाच ठरून गेलेले असते. तो मेल्यावर नव्हे.

आता पूर्व आफ्रिकेकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या वेळी आज ज्याला टांझानिया म्हणतात त्या देशाचा मोठा भाग जर्मनांकडे होता आणि शेजारचा केनिया इंग्रजांकडे. तेथे चार वर्षे लढाई चालली. हिंदुस्थानातून गेलेल्या पलटणी नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा बंदरात उतरल्या आणि मार खाऊन परत जहाजावर चढल्या, एवढा उल्लेख आपल्या वाचनात क्वचित येतो. लढाईचे पुढले रूप निराळेच होते. रेल्वे तुटपुंजी, गाडीरस्ते जवळजवळ नाहीत, आणि त्से-त्से नावाच्या माशीच्या चाव्याने घोडे, खेचरे, बैल पटापट मरत. तेव्हा सैन्याचा सगळा भार माणसाच्या डोक्यावर आला. काडतुसे, पीठ, तंबू, तोफांचे सुटे भाग, जखमी माणसे, सारे डोक्यावरून किंवा खांद्यावरून.

या व्यवस्थेचे गणित फार क्रूर असते. ते एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. एका हमालाच्या डोक्यावर साधारण पन्नास पौंड, म्हणजे बावीस किलोच्या आसपास ओझे असे. त्याला स्वतःला दिवसाला किलोभर धान्य लागते असे समजू. वाट दहा दिवसांची असेल, तर जाताना दहा किलो आणि येताना दहा किलो त्याच्याच पोटात गेले. आघाडीवरच्या शिपायाच्या हाती पडणार ते दोन किलो. म्हणजे सैन्य जसजसे पुढे सरके तसतसे हमालांना पोसण्यासाठी आणखी हमाल, आणि त्यांना पोसण्यासाठी आणखी, अशी साखळी लांबत जाई. ब्रिटिशांच्या बाजूने चार वर्षांत मिळून सुमारे दहा लक्ष आफ्रिकी माणसे या कामाला जुंपली गेली असे मानतात. त्यांतले नोंदीत आलेले मृत्यूच ९५ हजारांच्या घरात आहेत. गोळी लागून मेले ते थोडे. हगवण, हिवताप, न्युमोनिया यांनी बहुतेकांचा बळी घेतला. ज्या मुलखातली माणसे केळी किंवा भात खाणारी, त्यांच्या हाती मक्याचे जाडेभरडे पीठ ठेवले. शिजवायला पुरेसा वेळ नाही, भांडे नाही. आतडी टिकणार कशी?

पगाराची कथा तर आम्हांला थेट ओळखीची वाटते. पूर्व आफ्रिकेत त्या काळी रुपयाचे चलन होते. सुरुवातीला ज्या दराने हमाल घेतले तो दर १९१५ साली खाली आणून महिना पाच-सहा रुपयांवर ठेवला, आणि त्याच वर्षी सक्तीने माणसे धरण्याचा कायदा केला. मजुरी उतरवावयाची आणि माणसे येत नाहीत म्हणून वेठीला धरावयाची, या दोन गोष्टी जगभर हातात हात घालून चालतात. मेलेल्या हमालांच्या पगाराच्या रकमा सरकारजमा राहिल्या. वारस सापडत नाहीत हे कारण. ज्याचे गाव आणि बापाचे नाव नीट लिहिलेच नाही, त्याचा वारस सापडावा कसा?

लोकांनी मात्र आठवण ठेवली, आणि ती अशा जागी की जेथे सरकारची नजर जाणार नाही. या हमालांच्या दलाला इंग्रजीत ‘कॅरियर कोअर’ म्हणत. लोकांच्या तोंडी त्याचे झाले ‘कारिआकोर’ आणि ‘कारिआकू’. नैरोबीत जेथे त्यांची छावणी होती तो भाग आजही कारिआकोर आहे. दार-एस-सलाम येथील कारिआकू ही त्या शहरातली सर्वांत गजबजलेली बाजारपेठ. टोमॅटो, कापड, बादल्या विकत घ्यावयास येणाऱ्या माणसाच्या तोंडून रोज त्या दलाचे नाव निघते. दलाचे, त्यातल्या एकाही माणसाचे नव्हे. नैरोबीत १९२८ साली उभारलेले ब्राँझचे स्मारकही आहे. त्यावर बंदूकधारी शिपायांबरोबर ओझेवाला हमाल उभा केला आहे, हे चांगलेच. खाली लेख आहे. हमाल हे सैन्याचे हातपाय होते, देशासाठी लढलात तर तुमची मुले तुमचे नाव आठवतील, अशा अर्थाचा. स्मारकावर नाव मात्र एकाचेही नाही.

येथे कोणी म्हणेल, की तो काळच तसा होता. साध्या माणसाची नावे कोण लिहून ठेवत होते? हा बचाव टिकत नाही. मे १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धकबरींसाठी एक आयोगच नेमला होता. त्याचा नियम असा, की प्रत्येक मृताचे नाव कायमचे नोंदले जाईल, कबरीच्या दगडावर किंवा स्मारकाच्या भिंतीवर. आणि हुद्दा, जात, धर्म यांमुळे भेद केला जाणार नाही. लॉर्डाच्या मुलाची आणि कोळसेवाल्याच्या मुलाची शिळा सारख्याच मापाची. त्या काळाच्या मानाने हा नियम फार मोठा होता आणि फ्रान्समध्ये व बेल्जममध्ये तो कसोशीने पाळला गेला. श्रीमंत घराण्यांनी खूप आरडाओरडा केला तरी आयोग बधला नाही. याबद्दल आम्हांला त्या आयोगाविषयी आदर आहे.

पण जहाज सुएझच्या पलीकडे गेले की नियम पातळ होई. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्यास स्मारक बांधले. त्यावर हिंदी अंमलदारांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या. आफ्रिकेत तेवढेही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचे गव्हर्नर गगिसबर्ग यांनी १९२३ साली आयोगाच्या माणसास सांगितले, की आमच्या वसाहतीतल्या सर्वसाधारण माणसाला कबरीवरचा दगड समजणार नाही आणि त्याची किंमतही वाटणार नाही. आयोगाला हेच ऐकावयाचे होते. गोऱ्यांच्या कबरींवर शिळा आल्या. काळ्या शिपायांची नावे काही ठिकाणी रजिस्टरात राहिली, अनेक ठिकाणी तीही नाहीत. हमालांना तर शिपायांतच धरले नाही.

या मुद्द्यावर अंमळ थांबतो, कारण आमच्या धंद्याचा अनुभव येथे उपयोगी पडतो. आमच्या भागातील एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी ठेकेदाराचा एक मजूर उंचावरून पडून मेला. ठेकेदाराच्या हजेरीत त्याचे नाव नव्हते. मालक म्हणाला, हा आमचा माणूस नव्हे. ठेकेदार म्हणाला, हा कोणाचाच माणूस नव्हे, फिरत फिरत आत आला असेल. अखेर फाटकावरच्या रखवालदाराची वही निघाली. त्या भल्या माणसाने रोज आत येणाऱ्या प्रत्येकाचे नाव स्वतःच्या समाधानासाठी टिपून ठेवले होते. त्या वहीतल्या एका ओळीवर त्या मजुराच्या बायकोला नुकसानभरपाई मिळाली. ‘नोंद सापडत नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कानी पडताच आम्ही दुसरी वही शोधू लागतो.

केनियात ती दुसरी वही होती. युद्ध संपल्यावर दोन वर्षांच्या आत त्याच सरकारने प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाची नोंदणी केली. बोटांचे ठसे घेतले, नाव, जमात, मालक आणि मजुरी लिहिलेला कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवला. त्याला ‘किपांडे’ म्हणत. हेतू हा, की गोऱ्या मळेवाल्याचे काम सोडून कोणी पळाला तर त्याला हुडकून काढता यावे. जिवंत मजूर पळून जाऊ नये म्हणून जे सरकार लाखो ठसे जमा करू शकत होते, त्याला मेलेल्या मजुरांची नावे जमवणे अशक्य होते असे आम्ही कसे मानावे?

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील सरकारने काळ्या लोकांना फ्रान्सच्या आघाडीवर पाठवले ते ‘कामगार तुकडी’ म्हणून. हातात बंदूक द्यावयाची नाही, कारण गोऱ्यावर बंदूक रोखण्याची सवय लागेल ही धास्ती. फ्रान्समध्येही त्यांना कुंपणाच्या आत ठेवले, किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत मजुरांना कोंडत त्याच धर्तीवर. २१ फेब्रुवारी १९१७ च्या पहाटे, धुक्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ त्यांच्या ‘मेंडी’ नावाच्या जहाजावर ‘डॅरो’ नावाचे मोठे जहाज आदळले. ‘डॅरो’ने बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी काहीच केले नाही. सहाशेंहून अधिक माणसे त्या थंड पाण्यात गेली. ‘डॅरो’च्या कप्तानाला शिक्षा झाली ती एक वर्ष परवाना बंद ठेवण्याची.

युद्धानंतर कामगार तुकड्यांना ब्रिटनने ब्राँझचे पदक देऊ केले. शेजारच्या बासुटोलँड वगैरे मुलखांतल्या माणसांना ते मिळाले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपल्या काळ्या माणसांना ते देऊ दिले नाही. तरी ‘मेंडी’ची आठवण राहिली. घराघरांतून सांगितली गेली. मखाई या खोसा भाषेच्या कवीने तिच्यावर काव्य केले. दर फेब्रुवारीत ‘मेंडी दिन’ पाळला गेला. तिच्या नावाने मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमला. हे सारे लोकांनी केले, सरकारने नव्हे. १९९४ साली राज्य बदलले आणि मग स्मारके आली. २००३ पासून शौर्याचा एक राष्ट्रीय सन्मान ‘मेंडी’च्या नावाने दिला जातो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. या बुडालेल्यांची नावे इंग्लंडातच साउथँप्टन येथील स्मारकावर आधीपासून कोरलेली आहेत. समुद्रात हरवलेल्यांच्या स्मारकावर त्यांना गोऱ्यांच्या रांगेत जागा मिळाली. त्यांच्याच तुकड्यांतले जे आफ्रिकेच्या भूमीवर मेले त्यांना मिळाली नाही. माणसे तीच, काम तेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी यादीची जबाबदारी कोणीतरी घेतली.

दुसऱ्या महायुद्धातली एक अमेरिकन हकिकत येथेच सांगून टाकतो, कारण तीही ओझेवाल्यांचीच आहे. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, तो आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितला आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९४४ रोजी, कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे आरमाराच्या धक्क्यावर दारूगोळा चढवताना तसाच स्फोट झाला. ३२० माणसे मेली, त्यांतली २०२ काळी. दारूगोळा चढवणाऱ्या सर्व टोळ्या काळ्या, त्यांचे अधिकारी सर्व गोरे. स्फोटक माल हाताळण्याचे शिक्षण त्या माणसांना दिलेले नव्हते, आणि कोणाची टोळी तासाला जास्त टन चढवते यावर अधिकारी चुरस लावीत. मृतांच्या कुटुंबांना पाच हजार डॉलर द्यावेत अशी शिफारस होती. मेलेले बहुतेक काळे आहेत हे कळल्यावर प्रतिनिधिगृहात ओरड झाली आणि रक्कम तीन हजारांवर आली. महिन्याच्या आत वाचलेल्यांना पुन्हा त्याच कामावर जाण्याचा हुकूम झाला. अडीचशेंहून अधिक जणांनी नकार दिला. आमच्या भाषेत याला काम बंद म्हणतात. आरमाराच्या भाषेत बंड. पन्नास जणांना बंडखोर ठरवून आठ ते पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीच्या शिक्षा दिल्या. युद्ध संपल्यावर बहुतेक सुटले, पण कलंक राहिला. १९९४ साली त्या जागी राष्ट्रीय स्मारक झाले. आणि बरोबर ऐंशी वर्षांनी, १७ जुलै २०२४ रोजी, आरमाराने शिक्षा झालेल्या सर्व २५६ जणांना निर्दोष ठरवले. स्मारक तीस वर्षे आधी आले आणि न्याय नंतर, हा क्रम विसरू नये.

तर बंदूक दिली नाही म्हणून ही माणसे शिपाई ठरली नाहीत. बंदूक दिली असती तर प्रश्न सुटला असता काय? तेही पाहू, कारण दुसऱ्या महायुद्धात बंदुका दिल्या होत्या.

नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन, गँबिया येथील तरुणांच्या दोन डिव्हिजनी ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी पूर्वेकडे आणल्या. ८१ वी डिव्हिजन १९४३ च्या पावसाळ्यात हिंदुस्थानात पोचली, ८२ वी तिच्या मागून आली. पूर्व आफ्रिकेतलीही एक डिव्हिजन होती. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांचीच संख्या नव्वद हजारांच्या आसपास होती. आराकानच्या डोंगरांत, कलादान नदीच्या खोऱ्यात ८१ व्या डिव्हिजनने चिरिंगापासून पंचाहत्तर मैलांचा जीपरस्ता स्वतःच्या हातांनी खोदून काढला आणि पुढे डोक्यावर ओझी घेऊन, विमानातून टाकलेल्या शिध्यावर लढत राहिली. आयझॅक फादोयेबो नावाचा नायजेरियाचा एक कोवळा तरुण तेथे दवाखान्याच्या तुकडीत होता. मार्च १९४४ मध्ये जपानी हल्ल्यात मांडीला गोळी लागून तो पडला. सिएरा लिओनच्या एका सोबत्याबरोबर नऊ महिने तो शत्रूच्या मुलखात राहिला, कारण जवळच्या गावातल्या एका मुसलमान शेतकरी कुटुंबाने जिवावर उदार होऊन त्यांना लपवले आणि जेवू घातले. फादोयेबो २०१२ साली वारले. त्यांनी आपली आठवण स्वतः लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला कळते. नव्वद हजारांत अशी लिहिणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

या सैन्यातले काही जण आघाडीपासून दूर, हिंदुस्थानातच आजाराने वा अपघाताने मेले. पुण्याजवळ खडकीला युद्धमृतांची जी स्मशानभूमी आहे, तेथे पूर्व व पश्चिम आफ्रिकेच्या अशा १९३ सैनिकांची नोंद आहे. पुण्यामुंबईच्या वाटेवर असणाऱ्या श्रोत्यांनी तेथे जरूर जावे. हिरवळ, फुलझाडे, एका मापाच्या शिळा, सारे फार निगुतीने राखले आहे. आपल्या गावाजवळ घानाचा किंवा केनियाचा माणूस स्मरला जातो हे बहुतेकांना ठाऊक नसते.

जे परत घरी गेले त्यांचे काय झाले? गोल्ड कोस्टच्या शिपायांना पेन्शनची, कामधंद्याची आश्वासने दिली होती. घरी महागाई, बेकारी. त्यांनी माजी सैनिकांची युनियन काढली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांचा मोर्चा आक्रा शहरात गव्हर्नरच्या वाड्याकडे अर्ज घेऊन निघाला. हाती शस्त्र नव्हते. वाटेत पोलीस अधिकारी इमरे याने शिपायाच्या हातची रायफल घेऊन स्वतः गोळी झाडली. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि शिपाई ओडार्टे लॅम्पटे हे तिघे जागीच गेले. शहर पेटले. चौकशी समिती बसली. नऊ वर्षांनी, ६ मार्च १९५७ रोजी, तोच देश घाना म्हणून स्वतंत्र झाला. त्या तिघांची नावे तेथे प्रत्येक शाळकरी मुलास शिकवतात आणि दर वर्षी त्या चौकात सरकारी इतमामाने मानवंदना होते. विचार करा: जपान्यांशी लढताना पडलेल्या हजारोंपेक्षा पेन्शन मागताना पडलेल्या तिघांची नावे अधिक ठसठशीत राहिली.

फ्रेंचांच्या राज्यात हेच चार वर्षे आधी घडले आणि अधिक भयंकर घडले. पश्चिम आफ्रिकेतले जे शिपाई फ्रान्ससाठी लढताना १९४० साली जर्मनांच्या कैदेत पडले, त्यांतल्या काहींना सुटकेनंतर १९४४ च्या नोव्हेंबरात डाकारजवळ थियारोय येथील छावणीत आणले. कैदेतल्या वर्षांचा पगार बाकी होता. आम्ही थकबाकी घेतल्याशिवाय गावी जाणार नाही, असे ते म्हणाले. १ डिसेंबर १९४४ च्या सकाळी सैन्याने त्यांना घेरून गोळीबार केला. सरकारी आकडा पस्तीस मृतांचा. एका लष्करी अहवालात सत्तर. कित्येक अभ्यासकांच्या मते तो शेकड्यांत आहे. वाचलेल्या चौतीस जणांवर खटला भरून त्यांना शिक्षा ठोठावल्या. यावर १९८८ साली उस्मान सेम्बेन यांनी चित्रपट केला. हे सेम्बेन स्वतः फ्रेंच सैन्यात शिपाई होते, पुढे मार्सेलच्या गोदीत हमाल आणि युनियनचे कार्यकर्ते होते. त्यांना या विषयाची नस सापडली यात आम्हांला नवल वाटत नाही. फ्रान्समध्ये तो चित्रपट कित्येक वर्षे धड दाखवला गेला नाही.

आता अलीकडे हवा बदलली आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली डेव्हिड लॅमी यांनी दूरचित्रवाणीवर या नसलेल्या कबरींचा प्रश्न मांडला. मग युद्धकबर आयोगाने स्वतःचीच चौकशी केली. एप्रिल २०२१ मधला तो अहवाल कोणाही संस्थेने अभ्यासावा असा आहे. पहिल्या महायुद्धातले पंचेचाळीस ते चोपन्न हजार आशियाई व आफ्रिकी मृत असमान रीतीने स्मरले गेले. आणि किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत, मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे लोक नावाने स्मरलेच गेले नाहीत, असे त्यांनी कबूल केले. आयोगाने आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी क्षमा मागितली. फ्रान्सच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सेनेगलच्या अध्यक्षांना पत्र लिहून थियारोयला जे झाले ते हत्याकांड होते हे मान्य केले.

क्षमा मागणे सोपे नसते, तिची टिंगल आम्ही करणार नाही. तथापि आमची एक धास्ती आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. दगड पगारापेक्षा स्वस्त पडतो. फ्रान्सने १९५९ च्या कायद्याने वसाहतींतल्या जुन्या शिपायांची पेन्शने आहे त्या आकड्यावर गोठवून टाकली. फ्रेंच शिपायाचे पेन्शन महागाईबरोबर वाढत गेले, सेनेगलच्या शिपायाचे नाही. त्याच काळात स्मृतिदिनाच्या संचलनात त्या म्हाताऱ्यांना पदके लावून उभे करीत. ही गोठवणूक हटवण्यास २००६ साल उजाडले, तेही उत्तर आफ्रिकी शिपायांवरच्या एका चित्रपटाने गवगवा झाल्यावर. पूर्ण समानता त्याहून पुढे आली, तोवर बहुतेक म्हातारे गेले होते. ब्रिटिशांचेही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सोडताना जी रक्कम दिली, तीत आफ्रिकेतल्या काळ्या शिपायाला तेथल्याच गोऱ्या शिपायाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मिळाले, हे कागद २०१९ साली उजेडात आले. तेव्हा काही शिपाई हयात होते.

म्हणून कोणत्याही स्मारकाच्या उद्घाटनाची बातमी वाचली की आम्ही दोन गोष्टी पाहतो. नावे सुटी सुटी लिहिली आहेत काय. आणि ज्यांची ती नावे, त्यांच्या देण्याघेण्याचे काय झाले. पहिली गोष्ट तरी काही ठिकाणी नीट होऊ लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये केपटाउनच्या जुन्या कंपनी बागेत दक्षिण आफ्रिकेच्या कामगार तुकड्यांचे स्मारक खुले झाले. तेथे पुतळा नाही, सेनापती नाही. आफ्रिकी इरोको लाकडाचे सतराशेंहून अधिक खांब उभे केले आहेत. प्रत्येक खांबावर एका माणसाचे नाव आणि मृत्यूची तारीख. गाडीवान, हमाल, बैल हाकणारे, पहिल्या महायुद्धात आफ्रिकेच्या भूमीवर मेलेले आणि शंभर वर्षे कोठेच न कोरलेले.

केनियात आयोगाच्या माणसांना सैन्याच्या दप्तरखान्यात जुनी रजिस्टरे मिळाली आहेत. त्यांत काही हजार नावे आहेत, शिपायांची आणि हमालांचीही. थियारोयला सेनेगल सरकारने २०२५ साली स्मशानभूमीत उत्खनन सुरू केले. पूर्व आफ्रिकेतल्या ९५ हजारांपैकी किती नावे लागतील हे त्या रजिस्टरांच्या पुढल्या पानांवर अवलंबून आहे. वाचन चालू आहे.